रेंजफाइंडरमधला मीटर: सांगणारा आणि करणारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या कपाटातून याशिका इलेक्ट्रो ३५ निघाला. सहा व्होल्टचा सेल घालून दोन रोल काढले, निगेटिव्ह चांगल्या आल्या. आता लेन्स बदलता येईल असा रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायचा आहे आणि निवड फोग्टलेंडर बेसाच्या आर२ए आणि आर२एम या जोडीवर येऊन अडली आहे. विकणाऱ्याने आर२ए चार दिवस वापरून बघायला दिलाय. मित्राकडे लायका एम६ आहे. दोघांनी एकाच चौकात उभं राहून कॅमेऱ्यातल्या मीटरने उजेड मोजला तर दोन कॅमेऱ्यांत जवळपास एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट-निम्म्या उजेडाचा, फरक. म्हणून विचारलंय: इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यातला मीटर जास्त अचूक असतो का? आणि या दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. बहुतेक कोणीच नाही. दोघांना वेगवेगळं दिसतंय आणि जे दिसतंय ते दोघं प्रामाणिकपणे सांगताहेत.

पहिल्या प्रश्नात मात्र एक गैरसमज दडलाय आणि तो मी पंचवीसेक वर्षं ऐकत आलोय. 'मेकॅनिकल मीटर' आणि 'इलेक्ट्रॉनिक मीटर' अशा दोन जाती नाहीत. मीटर सगळे विजेवरच चालतात. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक असतं ते शटर, फिल्मवर उजेड किती वेळ पडायचा ते ठरवणारं. आर२ए आणि आर२एम यांची उजेड मोजायची पद्धत एकच आहे. फरक आहे तो मोजून झाल्यावर तो निरोप कुठे जातो यात. आर२एममध्ये निरोप फक्त व्ह्यूफाइंडरमधल्या दिव्यांपर्यंत जातो: कमी, बरोबर, जास्त. तुम्ही दिवे बघता, रिंग फिरवता किंवा फिरवत नाही, आणि शटर आपल्या स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतं. मीटर काय म्हणाला याचा शटरला पत्ताही नसतो. आर२ए या कॅमेऱ्यात, ऑटोवर, तोच निरोप थेट शटरच्या विद्युतचुंबकाकडे जातो आणि पडदा कधी बंद करायचा ते तिथे ठरतं.

लग्नघरात एक मामा प्रत्येक गोष्टीत सल्ला देत फिरतो आणि दुसऱ्या मामाच्या कमरेला किल्ल्या असतात. अक्कल दोघांची सारखीच असेल. पण पहिल्याचं चुकलं तर आपण हसून सोडून देतो, दुसऱ्याचं चुकलं तर पंगतीत जिलबी कमी पडते. दोन कॅमेऱ्यांतला फरक एवढाच, पण वापरताना तो पदोपदी जाणवतो.

आधी मीटर बसलाय कुठे ते बघू, कारण तुमच्या एका स्टॉपचं उत्तर तिथेच आहे. एसएलआरमध्ये (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात) आरसा आणि वर प्रिझम असतो, तिथे मीटरचा डोळा बसवायला हवी तेवढी जागा. रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या मागे थेट शटरचा पडदा. मग लेन्समधून आलेला उजेड मोजायचा कुठे बसून? बरीच वर्षं हा प्रश्न टाळला गेला. १९३६च्या कॉन्टॅक्स ३ने सेलेनियमचा मीटर टपावर बसवला. तो शटरला जोडलेलाही नव्हता, काट्यावरचा आकडा वाचायचा आणि हाताने लावायचा. तेच घराणं पुढे सोव्हिएत कीव ४मध्ये आलं. लायकाच्या १९५४च्या एम३मध्ये मीटर नव्हताच. टपावर सरकवून बसवायचा वेगळा लायकामीटर मिळायचा, तो शटरच्या चकतीशी जुळायचा. १९७१च्या एम५मध्ये पहिल्यांदा लायका एमच्या लेन्समागे डोळा आला: एका बारीक दांडीच्या टोकाला कॅडमियम सल्फाइडचा सेल, दांडी पडद्यासमोर उभी. बटण दाबलं की शटर उघडायच्या आत ती बाजूला होते. १९७३चा लायका सीएल जपानमध्ये मिनोल्टाने बनवला, त्यातही हीच युक्ती. आत ढकलून मिटणारी जुनी लेन्स या दोन कॅमेऱ्यांवर मिटू नये. नळी दांडीवर आदळते आणि मग दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस मिटतो.

१९८४च्या एम६ने दांडी काढून टाकली. कापडी पडद्यावर मधोमध १२ मिलिमीटर व्यासाचा पांढरा ठिपका रंगवला आणि त्याच्यावरून परावर्तित होणारा उजेड बघायला लेन्सच्या गळ्याजवळ वर कोपऱ्यात सिलिकॉनचा डोळा बसवला. म्हणूनच रोल पुढे ओढून शटर भरलेलं नसेल तर एम६चा मीटर लागत नाही, कारण ठिपका समोर आलेलाच नसतो. दर काही महिन्यांनी कोणीतरी 'मीटर मेला' म्हणून एम६ घेऊन येतो. मी काही न बोलता लीव्हर ओढतो आणि कॅमेरा परत देतो. फी घेत नाही, पण चहा घेतो. आणखी एक: ठिपका धुळीने किंवा वयाने मळला तर तो उजेड कमी परत पाठवतो. मीटरला वाटतं अंधार आहे आणि तो जास्त एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला जास्त उजेड, मागतो.

कोसिनाने बेसात वर-खाली धावणारं धातूच्या पात्यांचं शटर घातलं आणि ठिपक्याऐवजी पात्यांनाच राखाडी रंग दिला. डोळा तो राखाडी भाग बघतो, मधोमध जास्त वजन देऊन. कोसिनानेच बनवलेल्या झाइस इकॉनमध्येही तत्त्व हेच.

आता चौकात परत या. एम६चा ठिपका १२ मिलिमीटरचा, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या निम्मा. क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस मिलिमीटर. पूर्ण फ्रेम २४ गुणिले ३६, म्हणजे ८६४. म्हणजे एम६ फ्रेमच्या साधारण १३ टक्के भागाकडे बघून बोलतो. बेसा त्याहून बराच जास्त भाग बघतो. चौकात वर आकाश होतं, समोर सावलीतली दुकानं. बेसाने आकाशाचा बराच वाटा धरला असणार आणि एक्स्पोजर कमी सांगितलं असणार. एम६चा ठिपका दुकानावर पडला असेल तर त्याने जास्त सांगितलं असेल. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्यात एकावर ३५ची आणि दुसऱ्यावर ५०ची लेन्स असेल तर विचारूच नका. लेन्स बदलली की ठिपक्याखाली येणारं दृश्य बदलतं, पण ठिपका पडद्यावर तेवढाच राहतो. २८ लावली तर तोच ठिपका अख्खं दुकान बघतो, ९० लावली तर दुकानदाराचा शर्ट. आणि फाइंडरच्या मध्ये फोकससाठी जो उजळ चौकोन असतो तो मीटरचा भाग नव्हे. त्या चौकोनात चेहरा धरला म्हणजे चेहरा मोजला, असं समजणारे खूप आहेत.

दोन कॅमेरे खरंच जुळतात का हे बघायचं असेल तर चौक सोडा आणि एक भिंत शोधा. सारख्या रंगाची, खिडकी-जाहिरात काही नसलेली, सावलीतली. दोन्ही कॅमेऱ्यांचा माउंट एकच आहे, तेव्हा लेन्स एकच वापरा: आधी एकावर, मग दुसऱ्यावर. फोकस अनंतावर, जवळ उभं राहा, आपली सावली पडू देऊ नका, भिंतीने फ्रेम पूर्ण भरू द्या. आता कोण किती भाग बघतो याने फरक पडत नाही, कारण सगळीकडे तेच आहे. त्याआधी मित्राच्या एम६च्या पाठीवरची आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) चकती बघा. रोल बदलताना ती विसरण्याचं प्रमाण इतकं आहे की मी मीटरवर शंका घेण्याआधी माणसावर घेतो. बेसाचा आयएसओ शटरच्या चकतीतच असतो, चकती उचलून फिरवायची, तोही बघा.

हे तीन वेगवेगळ्या उजेडांत करा: उन्हातली भिंत, सावलीतली, घरातली. तिन्हीकडे अर्ध्या स्टॉपच्या आत जुळले तर विषय संपला. तिन्हीकडे सारखाच फरक, समजा प्रत्येक वेळी पाऊण स्टॉप, तर तो जुळणीतला फरक आहे. आयएसओची चकती तेवढी सरकवून ठेवायची आणि कामाला लागायचं. पण उन्हात जुळतात आणि घरात दीड स्टॉप फरक पडतो असं असेल, तर एकाचा डोळा म्हातारा झालाय किंवा त्याला वीज नीट मिळत नाही. तो आयएसओने सुधारत नाही.

वीज नीट मिळत नाही हा रोग मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकांतल्या काट्याच्या कॅमेऱ्यांचा. ते १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते आणि त्या सेलचा गुण म्हणजे मरेपर्यंत तो १.३५च देत असे. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. आता त्याच खोबणीत १.५चा अल्कलाइन बसतो. सुरुवातीला जास्त दाब देतो, नंतर हळूहळू उतरत जातो, आणि काटा त्याच्याबरोबर भटकतो. दाब जास्त म्हणून काटा जास्त उजेड दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ येते. कॅनोनेट क्यूएल१७ वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. सोपा उपाय कानाच्या यंत्राच्या दुकानात मिळतो: ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. तो १.४च्या आसपास स्थिर राहतो. आकाराने जरा लहान असतो, भोवती रबराची कडी बसवावी लागते. कागद सोलला की हवा लागून तो आपोआप संपत जातो, वापरा वा न वापरा. पण स्वस्त आहे.

तुमच्या इलेक्ट्रोला हे दुखणं फारसं का नाही, हे इथे सांगायला हवं, कारण इलेक्ट्रॉनिक शटर म्हणजे काय ते त्यातून कळतं. १९६६चा हा कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला होता आणि तुम्ही सहा व्होल्ट दिले, तरी निगेटिव्ह बऱ्या आल्या. कारण यात काटा नाहीच. शटर उघडलं की एका कॅपॅसिटरमध्ये वीज भरायला लागते आणि ती वाट कॅडमियमच्या डोळ्यातून जाते. उजेड जास्त तर डोळ्याचा रोध कमी, कॅपॅसिटर लवकर भरतो, शटर लवकर मिटतं. अंधारात तो हळू भरतो आणि शटर उघडं राहतं. माठ भरला की नळ बंद, एवढाच हिशेब. दाब थोडा वाढला तर माठ भरायचा वेगही वाढतो आणि 'भरला' म्हणायची रेघही त्याच प्रमाणात वर जाते, म्हणून चूक उरत नाही. काट्याच्या मीटरमध्ये असा तोल सांभाळणारी जोडणी नसेल तर चूक सरळ काट्यावर दिसते.

पण याच इलेक्ट्रोत मी म्हटलेला किल्लीवाला मामा आपल्या पूर्ण अधिकारात दिसतो. शटरचा वेग लावायची सोयच नाही. तुम्ही अॅपर्चर (लेन्समधल्या भोकाचा आकार; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) ठेवायचं, बाकी तो बघतो. पिवळा दिवा म्हणजे वेग १/३० सेकंदापेक्षा कमी, हात स्थिर ठेवा. लाल दिवा म्हणजे १/५०० पुरत नाही. मधले आकडे तुम्हाला कधीच कळत नाहीत. सेल मेला की सगळं १/५००. आणि डोळा लेन्समध्ये नसून बाहेर, कपाळावर आहे. लेन्सवर पिवळा फिल्टर लावलात तर त्याला ते माहीत नाही, आयएसओ तेवढा कमी करून तुम्हीच सांगायचं. ही सवय बेसावर सोडून द्या. तिथे उजेड लेन्समधून मोजला जातो, फिल्टरचा हिशेब आपोआप होतो. तिथेही आयएसओ खाली आणलात तर एका फिल्टरचे पैसे दोनदा भराल.

डोळ्यांच्या स्वभावाबद्दल दोनच गोष्टी. कॅडमियम संथ आहे आणि त्याला उजेडाची आठवण राहते. भर उन्हातून देवळाच्या गाभाऱ्यात शिरलात तर त्याला सावरायला वेळ द्या, लगेच दाखवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. सिलिकॉनला ही खोड नाही, तो लगेच बोलतो. एम६, बेसा, झाइस इकॉन हे सगळे सिलिकॉनवाले. म्हणजे इलेक्ट्रो वापरून तुमच्या मनात मीटरबद्दल जी काही धीमी, चाचपडती प्रतिमा तयार झाली असेल, ती आर२ए आणि आर२एम दोघांनाही लागू नाही.

आता खरा मुद्दा: सांगणारा मीटर आणि करणारा मीटर, रोजच्या वापरात.

पंढरीच्या वारीचं उदाहरण घ्या. समोर पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, आणि त्यांवर सकाळचं ऊन. कोणताही मीटर जगाला मध्यम राखाडी समजतो, त्याला पांढरं म्हणजे पांढरं हे माहीत नाही. फ्रेम पांढऱ्याने भरली की तो एक्स्पोजर कमी करायला सांगतो. आर२एममध्ये मी आधी तळहात मोजतो, एक स्टॉप जास्त देतो आणि आकडे लावून टाकतो. त्यानंतर तासभर मीटर काय ओरडतोय ते बघत नाही. ऊन तेच आहे ना? मग धोतर समोर येवो की काळी छत्री, एक्स्पोजर तेच. सगळा रोल एकसारखा येतो, छापायला आणि स्कॅन करायला सोपा. आर२ए ऑटोवर असेल तर धोतराला १/१०००, छत्रीला १/१२५, असा तो प्रत्येक फ्रेमला मत बदलत जाईल. प्रत्येक मत त्याच्या परीने बरोबर आणि रोल मात्र वर-खाली. त्यावर उपाय आहेत. एक्स्पोजर दोन स्टॉपपर्यंत वर-खाली करायची चकती आहे, आणि मागे अंगठ्याखाली मोजमाप धरून ठेवणारं बटण आहे. पण गर्दीत धक्के खात असताना बटण आठवणारा माणूस मी नाही.

उलट बाजू तितकीच खरी आहे. बोळातून चालताना पाच पावलं ऊन, पाच पावलं सावली. पोरगं उन्हातून सावलीत पळत येतंय. तिथे हाताने लावणाऱ्याचा एक तरी फ्रेम जातोच, आणि ऑटो डोळ्याचं पातं लवायच्या आत जुळवून घेतं. शिवाय त्याचे वेग सलग असतात: १/१२५ आणि १/२५० यांच्या मधला कोणताही वेग तो देऊ शकतो. मेकॅनिकलमध्ये मधल्या जागा नाहीत, अर्धा स्टॉप हवा तर अॅपर्चरच्या रिंगवर घ्यावा लागतो. निगेटिव्ह फिल्मला अर्ध्या स्टॉपचं काही वाटत नाही, विशेषतः जास्तीच्या बाजूला. स्लाइड फिल्म वापरणार असाल तर वाटतं.

एम६चे दोन लाल बाण या बाबतीत मला फार आवडतात. दोन्ही सारखे पेटले की बरोबर, एकच पेटला की तो सांगेल त्या दिशेने रिंग फिरवायची, आणि एक जरा मंद असेल तर थोडासाच फरक. आकडा नाही, वादविवाद नाही. आर२ए हाताने चालवला तर तुम्ही लावलेला वेग स्थिर दिसतो आणि मीटरला हवा असलेला वेग लुकलुकत राहतो. म्हणजे आर२ए कॅमेऱ्यातला मामा हवा तेव्हा सल्लागारही होतो, ही त्याची मोठी सोय आहे. सगळ्या इलेक्ट्रॉनिक रेंजफाइंडरमध्ये असं नसतं. मिनोल्टा सीएलई हा ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर आलेला फार देखणा कॅमेरा, पडद्यावरून आणि फिल्मवरून परतणारा उजेड मोजणारा. पण हाताने वेग लावला की त्याचा मीटर चक्क गप्प बसतो. माझं ऐकायचं नसेल तर विचारूही नका, असा स्वभाव. घेणार असाल तर हे माहीत असू द्या.

लेन्सचं झाकण हा रेंजफाइंडरवाल्यांचा जुना शत्रू. फाइंडर लेन्समधून बघत नाही, त्यामुळे झाकण लावलेलं असलं तरी जग लख्ख दिसतं. एम६ किंवा आर२एममध्ये 'कमी, फार कमी' असा दिवा दिसतो, आणि न बघता दाबलंत तर खटका नेहमीसारखाच वाजतो, फ्रेम कोरी जाते. ऑटो कॅमेऱ्यात 'खट्' असा आवाज येतो आणि मग दुसरा 'खट्' येतच नाही. मीटरला काळोख दिसतोय, तो शटर उघडं ठेवून बसलाय. लायका एम७ ऑटोवर ३२ सेकंदांपर्यंत असा बसू शकतो. त्या शांततेत माणसाला आपली चूक अगदी नीट कळते.

जाता जाता रेंजफाइंडरची एक जमेची बाजू: तिवईवर ठेवून ऑटोने फोटो काढताना एसएलआरमध्ये डोळा लावायच्या भोकातून मागचा उजेड शिरून मीटरला फसवतो. इथे फाइंडर आणि मीटर यांची वाटच वेगळी, तो त्रास नाही.

अचूकतेचा प्रश्न आता नीट मांडता येईल. मेकॅनिकल कॅमेऱ्यात दोन उपकरणं एका डब्यात शेजारी राहतात: मीटर आणि शटर. दोघांच्या चुका वेगळ्या. मीटर अगदी बरोबर १/१००० म्हणेल, पण चाळीस वर्षांच्या स्प्रिंगेचं १/१००० प्रत्यक्षात १/७०० असू शकतं. मीटरला ते कळायला मार्ग नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये वेळ मोजायचं काम विजेचं असतं, त्यामुळे ग्रीस घट्ट झाल्याने मंद वेग रेंगाळणं हा प्रकार तिथे सहसा नसतो. या अर्थाने आर२एचा १/६० हा जास्त खात्रीचा १/६०. पण मीटर चुकला तर ती चूक कोणालाही न विचारता फिल्मवर उतरते. मेकॅनिकलमध्ये तीच चूक आधी तुमच्या डोळ्यांपुढे येते. उन्हात ४०० ची फिल्म घालून मीटर १/६०ला एफ/८ म्हणायला लागला तर काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला कळायला हवं. कळतं, जर तुम्ही रोज आकडे लावत असाल तर. ऑटो वापरणाऱ्याचा हा कान हळूहळू जातो, माझाही गेला होता.

बॅटरीचं मी उगाच भय घालत नाही, पण माझ्यावर बेतलेलं सांगतो. एका पावसाळ्यात लोणावळ्याकडून राजमाचीला चालत निघालो होतो. गळ्यात एक इलेक्ट्रॉनिक रेंजफाइंडर, पाठीवर एक जुना मेकॅनिकल, ज्याचा मीटर कधीच मेलेला. पाचव्या-सहाव्या फ्रेमला इलेक्ट्रॉनिक गप्प झाला. बटण दाबतोय, काही नाही. जादा सेल होते, तेही आदल्या दिवशी त्याच पाकिटातून घेतलेले. सगळं पाकीटच जुनं पडून राहिलेलं निघालं. उरलेला दिवस मेकॅनिकलवर काढला, अंदाजाने: ४०० ची फिल्म, दाट ढग, १/२५०ला एफ/५.६, धुकं उतरलं की एक स्टॉप जास्त. रोल व्यवस्थित आला. तेव्हापासून मी जादा सेल वेगळ्या दिवशी, वेगळ्या दुकानातून घेतो आणि खिशात, अंगाच्या उबेला ठेवतो. लेह-स्पितीच्या थंडीत तर हे हवंच. तिथे साधे अल्कलाइन एलआर४४ लवकर मान टाकतात. सिल्व्हर ऑक्साइडचे बरे. कॅमेऱ्यात चालत असेल तर तीन व्होल्टचा एकच लिथियम सेल सगळ्यांत चांगला.

सेल संपल्यावर कोण कसं वागतं हे पाठ करून ठेवा. एम६ आणि आर२एम: दिवे जातात, शटर सगळ्या वेगांवर चालतं. आर२ए: शटर चालत नाही, एकही वेग नाही. एम७ मधला: १/६० आणि १/१२५ हे दोन वेग स्प्रिंगवर ठेवलेत, तेवढ्यावर घरी पोचता येतं. आणखी एक लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे रात्रीचे लांबलचक एक्स्पोजर. इलेक्ट्रॉनिक शटर उघडं धरून ठेवायलाही वीज लागते. बी वर (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) अर्धा-अर्धा तास ताऱ्यांच्या रेषा काढणार असाल तर सेल त्यातच जातील. मेकॅनिकल शटर केबल रिलीज अडकवून पहाटेपर्यंत उघडं ठेवा, फुकट.

मग घ्यायचा कोणता? तुमच्या प्रश्नावरून मला असं दिसतं की इलेक्ट्रोने तुम्हाला अॅपर्चर शिकवलं, पण शटरचा वेग कधी हाताखालून गेलाच नाही. म्हणून माझं मत आर२एमकडे झुकतं, जरी तो महाग मिळत असला तरी. दुरुस्तीचाही विचार आहे. स्प्रिंग आणि चाक घासून-पुसून, प्रसंगी दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून बसवणारे हात अजून आहेत. जळलेलं सर्किट बोर्ड बसवायला दुसरं तसंच बोर्ड लागतं, आणि ते आता कोणी बनवत नाही. पण घरात लहान मूल आहे, लग्नं-बारशी काढायची आहेत, थांबून आकडे लावायला वेळ नाही, असं असेल तर आर२ए घ्या आणि माझं मत विसरा. ते मत फावल्या वेळात चालणाऱ्या माणसाचं आहे.

आर२ए परत करायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. भिंतीचा प्रयोग तर सांगितलाच. दुसरी: रोल न घालता मागचं दार उघडा, कॅमेरा ऑटोवर ठेवा, लेन्स खिडकीकडे करा आणि अॅपर्चर एफ/२ वरून एफ/१६ पर्यंत एकेक नेत शटर दाबत जा. प्रत्येक वेळी पात्यांमधला उजेड आधीपेक्षा जास्त वेळ दिसायला हवा, सरळ चढत्या क्रमाने. कुठे उडी मारली, किंवा दोन ठिकाणी सारखाच वाटला, तर मोबाइलच्या स्लो-मोशनवर चित्रण करून चौकटी मोजा. आर२एम हातात आला की हेच हाताने, १/१५ पासून वर, आणि १/१०००ला विशेष लक्ष देऊन.